पाळण्यांस भिणारें मूल

सुटी लागली कीं मुलांस कोठें न्यावयाचें, हा प्रश्न आमच्या लहानपणीं कोणाच्याच घरीं निघत नसे. आजोळ हें एकच उत्तर होतें. आतां आजोळ बहुधा शेजारच्या उपनगरांत पांचव्या मजल्यावर असतें, आणि आजीबाई स्वतःच यात्रा कंपनीबरोबर काश्मिरास गेलेल्या असतात! तेव्हां सुटीचा एखादा दिवस क्रीडोद्यानास वाहण्याची रीत सुशिक्षित कुटुंबांत पडली आहे. थीम पार्क म्हणतात तें हेंच. पुण्यामुंबईच्या मंडळींस खोपोलीजवळचें इमॅजिका सोईचें पडतें; तें २०१३ सालीं उघडलें. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही, घरची मंडळी, चिरंजीव, सूनबाई आणि पावणेतीन वर्षांचा नातू असे पांच जण तेथें जाऊन आलों. उद्यान स्वच्छ आहे, व्यवस्था चोख आहे. त्याचें वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें अशा ठिकाणीं हमखास दिसणाऱ्या एका दृश्याविषयीं. यंत्राच्या दाराशीं मूल पाय रोवून उभें आहे, रडत आहे, आणि वडील मंडळी 'कांहीं होत नाहीं रे' म्हणत त्यास आंत ओढीत आहेत.

हीं यंत्रें विकतात काय, याचा आधीं विचार केला पाहिजे. तीं भय विकतात. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले त्यांत भयानक हा एक असून भय हा त्याचा स्थायिभाव होय, हें वाचकांस ठाऊक आहेच. पण भय ही दुःखद वस्तु असतां तिचा आस्वाद घेतां येतो कसा? काश्मिरांतील आचार्य अभिनवगुप्तांनीं याचें विवरण करतांना शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतलें, दुष्यंताच्या रथापुढें धांवणारें हरिण उदाहरणास घेतलें आहे. प्रेक्षकास तेथें भय जाणवतें, परंतु तें 'माझें' नसतें आणि 'अमक्याचें' असेंही नसतें. म्हणूनच तें गोड लागतें. उंच लोहमार्गावरून किंचाळत खालीं येणाऱ्या मोठ्या माणसांची स्थिति अगदीं अशीच असते असें नाहीं, तरी पुष्कळशी अशी असते. पट्टा पक्का आहे, दोन मिनिटांत हें संपणार आहे, उतरल्यावर आइस्क्रीम खावयाचें आहे, हें सर्व त्यांस ठाऊक असतें. पावणेतीन वर्षांच्या मुलाजवळ हें ज्ञान नाहीं. तें प्रेक्षकांत बसलेलें नसतें. तें हरिण असतें. आणि हरिणास रस कोठला?

मोठ्यांनाही हा रस एकदम पचला नाहीं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथें १८८४ सालीं लामार्कस थॉम्प्सन नांवाच्या गृहस्थानें चढउताराच्या लोहमार्गावर गाडी सोडली, तिचा वेग ताशीं सुमारें सहा मैल होता. आपला टांगा बरा दौडूं लागला तर एवढें अंतर सहज कापी. तरी पांच सेंट देऊन लोक तीत बसत व थरारून जात. नऊच वर्षांनीं, १८९३ सालीं, शिकागोच्या प्रदर्शनांत फेरिस यांनीं २६४ फूट उंचीचें चक्र उभें केलें. त्यास ३६ डबे असून एकेका डब्यांत ६० माणसें मावत. त्यानंतर वेग आणि उंची वाढतच गेली. तिखटाची संवय झालेल्या जिभेस उत्तरोत्तर अधिक तिखट लागतें, त्यांतलाच हा प्रकार. बाळाच्या जिभेस मात्र अद्याप मऊ भातच माहीत असतो.

आमच्या नातवानें प्रथम पाहिलें तें घोड्यांचें फिरतें चक्र. उद्यानांतलें हें अगदीं सौम्य यंत्र, जत्रेंतल्या चक्राचें श्रीमंत भावंडच म्हणाना. संगीत मोठ्यानें चाललेलें, घोडे दांड्यांस जखडलेले, आणि फिरतां फिरतां वर जात नि खालीं येत. त्यानें आजीचा पदर घट्ट धरला आणि म्हणाला, "आजोबा, घोडा पडतोय." आम्हीं सांगितलें कीं तो पडत नाहीं, दांड्यावर बसविलेला आहे. त्यानें पुन्हा निरखून पाहिलें. "परत पडला!" आतां, घोडा खालीं येत होता हें खोटें का होतें? वर्गांत असें निरीक्षण कोणी केलें असतें तर आम्हीं त्यास गुण दिले असते.

चिरंजीवांचें म्हणणें निराळें होतें. "अण्णा, एवढे पैसे मोजून आलों तें काय कठड्याशीं उभें राहायला? एकदां उचलून बसवला कीं भीति मोडेल." त्यांत वाईट हेतु मुळींच नव्हता. आठवडाभर कचेरींत खपणाऱ्या बापास मुलाचा हंसरा चेहरा पाहावयाचा असतो, आणि तिकिटाचा हिशेबही डोक्यांत असतो. दोन्ही गोष्टी आम्हांस समजतात.

त्याच वेळीं शेजारीं एक प्रकार घडला. तीनेक वर्षांच्या एका मुलीस तिचे वडील सांगत होते, "हें फिरत नाहीं ग, नुसतें बसायचें." मुलगी विश्वासानें बसली. पट्टा आवळला, घंटा झाली, आणि घोडा उठला. ती सबंध वेळ रडली कीं नाहीं तें संगीतामुळें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. पुढें उपाहारगृहांत तें कुटुंब आमच्या पलीकडच्याच टेबलाशीं होतें. तेथें मुलीस उंच खुर्चींत बसवून आई पट्टा लावूं लागली, तों ती पोर अंग ताठ करून जी ओरडली, तिनें शेवटपर्यंत पट्टा लावूं दिला नाहीं. मांडीवर बसूनच जेवली. घोड्यांविषयीं तिचें काय मत झालें असेल तें असो, पट्ट्याविषयीं आणि 'नुसतें बसायचें' या शब्दांविषयीं तिचें मत पक्कें झालें होतें.

मुलाच्या भीतीपेक्षां आम्हांस हें अधिक चिंतेचें वाटतें. या वयांत मुलास जगाची माहिती स्वतःच्या अनुभवानें थोडी, आणि आपल्या माणसांच्या मुखावरून फार मिळते. अमेरिकेंत एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. कांचेच्या मोठ्या तक्त्याखालीं एका बाजूस लगतच नक्षी दिसेल व दुसऱ्या बाजूस खोल दरी दिसेल अशी योजना करून रांगत्या मुलांस मधल्या फळीवर ठेविलें. ज्या २७ मुलांनीं फळी सोडली तीं सारीं उथळ बाजूस गेलीं. आई पलीकडून हांका मारीत असतांही दरीवर जाण्यास तयार झालीं तीं तीनच. पडण्याचें भय एवढें लवकर येतें, आणि तें शहाणपणाचें भय आहे. पुढें १९८५ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं ही दरी जरा उथळ, म्हणजे संशय येईल इतपतच केली, आणि एक वर्षाच्या मुलांच्या मातांस चेहऱ्यावर ठराविक भाव धरण्यास सांगितलें. आई प्रसन्न दिसली तेव्हां १९ पैकीं १४ मुलें पार झालीं. आई भ्यालेली दिसली तेव्हां १७ पैकीं एकही झालें नाहीं. मूल दरीकडे पाहतें आणि मग आईच्या तोंडाकडे पाहतें. त्या तोंडावर जर असत्य लिहिलेलें असेल, तर पुढच्या दरीच्या वेळीं त्यानें पाहावें कोणाकडे?

'पाण्यांत ढकलल्याशिवाय पोहणें येत नाहीं' ही म्हण आमच्या पिढीस पाठ आहे, आणि चिरंजीवांनींही ती आम्हांस त्या दिवशीं ऐकविलीच. आम्हांस स्वतःस पाठीवर सुका भोपळा बांधून मळ्यांतल्या विहिरींत ढकललें होतें, आणि पोहणें आलें. पण त्याच उन्हाळ्यांत त्याच विहिरींत ढकललेले आमचे एक आतेभाऊ आज सत्तरीस आले तरी गणपति विसर्जनाच्या वेळीं घोट्यापलीकडे पाण्यांत उतरत नाहींत. ढकलण्याच्या कथा सांगावयास नेहमीं पोहूं लागलेलेच पुढें येतात. दुसरे कांठावर उभे असतात, त्यांस कोणी विचारीत नाहीं.

हें आम्हीं बोलून दाखविलें, आणि सूनबाईंनीं एक युक्ति काढली. चिरंजीव एकटेच घोड्यावर बसले. सूनबाई मुलास कडेवर घेऊन कठड्याशीं उभ्या राहिल्या. दर फेऱ्यास बाप हात हालवी, मूल बापाकडे पाही, मग आईकडे, मग पुन्हा बापाकडे. उतरल्यावर "घोडा पडला?" असें बापानें विचारलें. "नाहीं. खालीं आला," हें उत्तर आलें. बस्स, एवढेंच. तो बसला नाहीं, आणि कोणी बसविलाही नाहीं. दुपारचा अर्धा तास त्यानें पावसाच्या पाण्यासाठीं ठेविलेल्या लोखंडी जाळ्यांवरून उड्या मारण्यांत घालविला, ज्यास तिकिटाची गरज नव्हती हें चिरंजीवांनीं दोनदां सांगितलें.

यंत्रांच्या दाराशीं उंचीची खूण केलेला खांब असतो. त्याहून ठेंगण्या मुलांस आंत सोडीत नाहींत. हाडांची व पट्ट्याची काळजी त्यांत घेतलेली असते, आणि तीही तिकिटें विकणाऱ्यांनींच घेतलेली असते. मनाची मोजणी मात्र आईबापांकडे राहते. तिची एक जुनी व सोपी रीत आहे. मेरी कव्हर जोन्स या विदुषींनीं १९२४ सालीं पीटर या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. आरंभीं त्याचें वय दोन वर्षे दहा महिने होतें, म्हणजे आमच्या नातवाएवढेंच, आणि तो सशास भीत असे. त्यास आवडीचा खाऊ देत, पिंजऱ्यांतला ससा दूरवर ठेवावयाचा. तो निर्धास्त खात राहिला तर कांहींसा जवळ आणावयाचा. बिचकला तर मागें घ्यावयाचा. शेवटीं सशानें त्याचीं बोटें कुरतडलीं तरी तो खेळत राहिला. या रीतींत महत्त्वाचा भाग आम्हांस वाटतो तो मागें घेण्याचा. बिचकल्यावर ससा खरोखर मागें जातो, हें मुलानें पाहिलें पाहिजे.

आमच्या घरीं ससा नाहीं, पण झोपाळा आहे. नातू त्यावर पाय टेकवून बसे; आतां पाय उचलतो आणि स्वतः "थांब" म्हणतो. तो म्हणाला कीं आम्ही तत्क्षणीं थांबतों, मग आमच्या हातांत वर्तमानपत्र असो वा चहाचा कप. दिवसांतून पंधरावीस वेळां हें चालतें, आणि घरची मंडळी म्हणतात कीं नातवापेक्षां आम्हांसच त्याची गोडी लागली आहे. चैत्रांत आमच्या गांवच्या जत्रेस आकाशपाळणा येतो. तेथें त्यास नेण्याचें ठरलें आहे. चिरंजीवांनीं वरचें तिकिट फक्त स्वतःपुरतें काढण्याचें कबूल केलें आहे, आणि खालीं उभें राहून कोण किती वेळां खालीं येतो तें मोजण्याचें काम नातवाकडे दिलें आहे. त्यास सध्या सातपर्यंत मोजतां येतें.