भट्टीवरची दिवाळी

वसुबारस आली की घराघरांतून बेसन भाजल्याचा आणि चकली तळल्याचा वास येऊ लागतो. फराळाच्या ताटातले बहुतेक पदार्थ कढईतलेच. नानकटाई तेवढी वेगळी. तिला तळण चालत नाही आणि पाकही लागत नाही. तिला हवी असते वरून-खालून सारखी, कोरडी आच. ती आच मराठी स्वयंपाकघरात कधी नव्हतीच. चुलीनंतर शेगडी आली, स्टोव्ह आला, गॅस आला. ओव्हन आला तो फार उशिरा आणि तोही थोड्याच घरांत. तरी नानकटाई फराळाच्या डब्यात जाऊन बसली, कारण गल्लीच्या तोंडाशी बेकरी होती आणि बेकरीवाला घरचे सामान भाजून द्यायला तयार होता. दिवाळीच्या निमित्ताने आज त्या भट्टीविषयी लिहावेसे वाटते. तिचे पुढे काय होणार, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही.

ज्यांनी ही रीत पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडे असे सामान घरून मोजून न्यायचे, सोबत पत्र्याचा रिकामा डबा घ्यायचा आणि बेकरीत नंबर लावायचा. मजुरी किलोवर ठरलेली. कुणी पीठ घरीच भिजवून नेई, कुणी सामान देऊन समोर उभे राही. आपले साजूक तूप आपल्याच पिठात पडते आहे ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुष्कळ आयांना चैन पडत नसे. मुले काळ्या पत्र्यांवर गोळे मांडू लागत, वर चारोळी नाहीतर टुटीफ्रुटीचा तुकडा दाबत. पत्रे बाहेर आले की ‘गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ धरेल,’ एवढी ताकीद मिळे आणि डबा घरी येई. पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागांत आजही काही बेकऱ्यांसमोर दिवाळीपूर्वी अशी रांग दिसते. पूर्वीपेक्षा ती खूप आखूड झाली आहे.

नानकटाई करायला सोपी वाटते, पण तिची सारी मदार हातावर आणि आचेवर. तूप आणि पिठीसाखर फेटून फेटून पांढरी, हलकी करायची. त्यात मैदा, थोडे बेसन किंवा रवा आणि चिमूटभर सोडा घालून पीठ फक्त गोळा होईल इतकेच एकत्र करायचे. मळायचे नाही. तूप पिठाच्या कणाकणाला वेढते आणि मैद्याला चिवटपणा येऊ देत नाही, म्हणून ती जिभेवर विरघळते. भट्टीत वरचा थर आधी सुकतो आणि आतला भाग नंतर फुगतो. त्या ओढाताणीत माथ्यावर चिरा पडतात. चिरा पडल्या म्हणजे नानकटाई जमली. विटांच्या भट्टीत पहाटे कडक आचेवर पाव निघतात. नंतर जाळ ओढून घेतला तरी विटांनी धरलेली ऊब तासन्‌तास टिकते आणि हळूहळू उतरत जाते. ही उतरती ऊब नानकटाईला फार मानवते. गॅसवर कढईत वाळू तापवून किंवा कुकरची शिट्टी काढून घरोघरी प्रयोग झाले, काही छानही जमले. पण एका वेळी दहा-बारा नगांवर पाहुण्यांची दिवाळी होत नाही.

नानकटाईचा उगम सुरतेला सांगतात. तिथल्या डच वखारीसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या होत्या. १८२४च्या करारानंतर डच सुरतेतून गेले, भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि गिऱ्हाईक टिकवण्यासाठी त्यांनी स्थानिक जिभेला रुचेल असा, अंडे नसलेला हा प्रकार काढला, अशी कथा आहे. तपशील कसेही असोत, युरोपीय भट्टी, पारशी हात आणि गुजराती-मराठी देवघरासमोरचा नैवेद्य असा हिचा प्रवास आहे. आपल्या गावांतली भट्टी पुष्कळदा मुसलमान किंवा इराणी कुटुंबाची. अंडे न खाणाऱ्या घरांचे पत्रे वेगळे ठेवायचे, हे त्या बेकरीवाल्याला सांगावे लागत नसे. तीच भट्टी ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या घरांची बिस्किटे भाजे आणि मुंबईत असली तर नाताळात वांद्रे-भायखळ्याच्या ख्रिस्ती घरांतून कालवून आलेले केक. शेजार म्हणजे काय, ते या रांगेत उभे राहून कळत असे. सणाचा गोडवा परक्या हाताने भाजलेला असला तरी तो आपलाच वाटे. ही सवय गमावणे महाराष्ट्राला परवडणारे नाही, असे आम्ही मनापासून मानतो.

आता प्रश्नाकडे. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हवेच्या प्रदूषणाची दखल घेत लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हे योग्यच झाले. बेकऱ्यांत स्वस्त म्हणून जुन्या फर्निचरचे, रंग-व्हार्निश लागलेले लाकूड जाळले जाते. तो धूर सर्वांत आधी भट्टीपुढे रात्र काढणाऱ्या कारागिराच्या छातीत जातो. परंपरेच्या नावाखाली त्याला तो धूर गिळायला लावण्याचा हक्क कुणालाही नाही. पण भट्टी बदलायला पैसा लागतो, जागा लागते, गॅसची जोडणी लागते आणि बदल होईपर्यंत धंदा बंद ठेवावा लागतो. पावाच्या लादीवर सुटणाऱ्या नफ्यात हे बसत नाही. हात टेकलेला मालक जागा विकून टाकील, तिथे दुसरे काही उभे राहील, आणि वस्तीची भट्टी जाईल. धूर जावा आणि भट्टी राहावी, अशी व्यवस्था करणे पालिकांना अशक्य नाही. कमी व्याजाचे कर्ज, गॅसवाहिनीत अग्रक्रम आणि परवान्यांचे सोपे नूतनीकरण या तीन गोष्टी मिळाल्या तरी पुष्कळ बेकऱ्या तगतील.

घरचे सामान नेण्यात आणखी एक शहाणपण आहे. १९३७मध्ये डालडा बाजारात आला आणि बेकरीच्या मालात वनस्पती तूप आणि त्यातले ट्रान्स फॅट मुरले. १ जानेवारी २०२२पासून खाद्यतेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, त्याने मोठा फरक पडला. तरी आपल्या डब्यात नेमके काय पडले ते स्वतः पाहणे याला तोड नाही. तयार फराळाची पाकिटे घेणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. नोकरी, प्रवास आणि संसार सांभाळून बाईनेच चार दिवस कढईपुढे उभे राहावे, ही अपेक्षा आता सोडायलाच हवी. भट्टीवर सामान नेणे हे मात्र घरातल्या पुरुषांना आणि मुलांना सहज जमणारे काम आहे.

तेव्हा या सुट्टीत जवळच्या बेकरीत एकदा विचारून पाहा. इमारतीतली पाच-सहा घरे एकत्र आली तर भट्टीवाला दुपारची वेळ आनंदाने देईल. मजुरीत घासाघीस करू नका. दिवाळीच्या आठवड्यात आपण सुट्टीवर असतो तेव्हा तो आणि त्याचे कारागीर दुप्पट काम करत असतात. निघताना पहिल्या पत्र्यावरच्या चार नानकटाया त्यांच्या हातावर ठेवा.