प्रवेशापुरती आपुलकी

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यात प्राध्यापकांच्या दुचाक्या गावोगाव फिरू लागतात. झरी जामणी, मारेगाव, घाटंजी. कुठलाही तांडा, कुठलाही पोड त्यांना लांब पडत नाही. फॉर्म तेच भरतात, टीसीही परस्पर काढून आणतात. वर्ग रिकामा राहिला तर कार्यभार जातो आणि मग गोष्ट नोकरीवर येते. त्यामुळे या धावपळीला आम्ही हसणार नाही.

पण अशा घरी जाऊन आणलेल्या पोराच्या गुणपत्रिकेवर पुढे एका पेपरला ‘गैरहजर’ लागते. पेपर दिलेला असतो, हजेरीपटावर सही असते. महाविद्यालय म्हणते, चूक विद्यापीठाची, अमरावतीला जाऊन या. मुकुटबनहून पांढरकवडा, यवतमाळ करत तो पोचतो, तेव्हा खिडकीवर कळते की प्राचार्यांचे पत्र आणायला हवे होते. ऐन वेचणीतली मजुरी बुडते ती वेगळीच. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ नागपूरमधून वेगळे निघाले. वणीच्या पोराला तर आधीचे नागपूरच जवळ होते!

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असतो. विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज एक दिवस उशिरा आला तर विलंब शुल्क लागते. निकाल लांबला तर ते कुणी भरायचे?

फीचेही तेच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली. प्रवेशाच्या वेळी फ्लेक्सवर ‘मुलींना मोफत’, आणि प्रवेश झाल्यावर ‘आधी भरा, शासनाचे पैसे आले की परत देऊ’, असे चालणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि लोकपाल सक्तीचे आहेत. ते कागदावर असून भागत नाही. त्यांचे नाव आणि फोन नंबर प्रत्येक महाविद्यालयाच्या दारावर हवा. ज्या गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाने घेतले, ते आधी गाव झाडत, कीर्तन मग करत.

विद्यापीठाने यवतमाळ, पुसद आणि वणी येथे महिन्यातून एक दिवस आपली माणसे बसवावीत, दुरुस्तीचे अर्ज घ्यावेत, पोच द्यावी आणि पुढच्या खेपेला दुरुस्त गुणपत्रिका तिथेच हातात द्यावी. जूनमध्ये पोडापर्यंत रस्ता सापडतो, तर डिसेंबरात वणीपर्यंत यायला हरकत नसावी.