पाचट, आग आणि अदृश्य जीव

दिवाळी सरली की बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात ऊसतोडीला प्रारंभ होतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांकडे जातो आणि शेतात पाचट उरते, एका हेक्टरात साधारण 8 ते 10 टन. याच इंदापूर तालुक्यात सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसविले. त्यामुळे उसाशी जैन व्यापारी घराण्यांचे नाते जुने आहे.

तोडणीनंतर पुष्कळ ठिकाणी पाचटाला काडी लावली जाते. घटकाभरात रान मोकळे होते. परंतु कर्ब आणि नत्र धुरावाटे निघून जातात व जमिनीच्या वरच्या थरातील असंख्य जीव होरपळतात. श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘दवदान’, म्हणजे रानास आग लावणे, याची गणना आहे, हे येथे स्मरणीय ठरते.

पाचट लवकर कुजत नाही, याचे एक मुख्य कारण त्यातील सेल्युलोज. 1838 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायें यांनी हा पदार्थ ओळखला. ती ग्लुकोजची लांब, चिवट साखळी असते. ती तोडणारे जिवाणू मातीतच वसतात. केवळ ते शोधावे लागतात. कुजत्या पाचटाखालची थोडी माती निर्जंतुक पाण्यात टप्प्याटप्प्याने विरळ करून, सेल्युलोजयुक्त अन्न असलेल्या थाळीवर तिचा थेंब पसरवितात. जिवाणूंचे ठिपके उमटल्यावर काँगो रेड हा तांबडा रंग ओतून थाळी मिठाच्या पाण्याने धुतात. सेल्युलोज शाबूत असेल तेथे रंग टिकतो. ज्या ठिपक्याने ते तोडले, त्याभोवती फिके कडे दिसते. बॅसिलस, सेल्युलोमोनास असे जिवाणू याच रीतीने ओळखता येतात.

अशा जिवाणूंची वाढ करून संवर्धक तयार होते. एक टन पाचटास 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो संवर्धक अशी शिफारस प्रचलित आहे, ओलावाही हवा. पाचटात कर्ब फार आणि नत्र अल्प असते. बाहेरून नत्र न दिल्यास जिवाणू मातीतील नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो.

येथे दुकानदाराचे कर्तव्य सुरू होते. संवर्धक हा जिवंत माल आहे. तो पत्र्याच्या तापलेल्या गोदामात पडून राहिला अथवा त्याची मुदत उलटली, तर वजन बरोबर भरते, पावतीही खरी असते. मात्र पुडक्यात जीव उरत नाही. शेतकरी ते विश्वासाने शेतात टाकतो, पाचट तसेच राहते आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा काडी ओढतो. त्या आगीचा काही हिशेब गोदामाच्या वहीतही लिहिला जातो. सावलीची थंड जागा, मुदतीवर नजर आणि ग्राहकास दोन शब्द समजावून सांगणे, एवढ्या सावधपणाने ती आग टळू शकते.