घशात अडकलेला शब्द

नोकरीच्या अर्जात एक वाक्य अधूनमधून भेटतं : ‘आय ॲम अँक्शस टु जॉइन.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, मी रुजू व्हायला उत्सुक आहे. वाचणाऱ्या साहेबांना वाटतं, याला आत्तापासूनच धडकी भरली की काय!

हा वाद जुना आहे. अँब्रोज बिअर्स या तिरकस अमेरिकन लेखकानं १९०९ साली ‘राइट इट राइट’ नावाची छोटी पुस्तिका काढली. ‘अँक्शस’पुढे ‘टु’ लावून क्रियापद जोडायचं नाही, असं त्यानं त्यात बजावलं. उत्सुक असाल तर सरळ ‘ईगर’ म्हणा. नियम आखणाऱ्या मास्तरांना हे फार आवडलं. पण लोक अठराव्या शतकापासून हा शब्द त्या अर्थानं वापरत होते, आणि आजचे मोठे कोशही तो अर्थ देतात.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘अँगेरे’ म्हणजे आवळणं, गळा दाबणं. छातीत कळ आणणारा ‘अंजायना’ याच कुळातला. ऋग्वेदातलं ‘अंहस्’, म्हणजे संकट किंवा कोंडी, हेही त्याच गोतावळ्यातलं. आणि आपली ‘उत्कंठा’? तिथंही कंठ आहेच, फक्त तो आवळलेला नाही, वाट पाहताना उंचावलेला आहे. ‘आतुर’ची गंमत त्याहून मोठी. आयुर्वेदात आतुर म्हणजे रोगी. मरणाच्या दारात घेतात तो आतुर संन्यास. आणि आपण बेधडक लिहितो, ‘आपल्या भेटीस आतुर’. ताप किती आहे, असं कुणी विचारत नाही.

लेक बाळंतपणाला आत गेली की बाहेर बसलेल्या आईला काय होत असतं, आनंद की घोर? ती म्हणते, जीव टांगणीला लागलाय. ‘ईगर’मध्ये ही भीती मावत नाही, ‘वरीड’मध्ये ओढ मावत नाही. तिथं ‘अँक्शस’च हवा. बिअर्सचा नियम मला म्हणूनच हट्टी वाटतो.

तरी हल्ली ‘अँग्झायटी’ हे दुखण्याचं नाव म्हणून घरोघरी पोचलंय, त्यामुळे शब्दातली उत्सुकता फिकी पडत चाललीय. पुढे ‘अबाउट’ आला तर निव्वळ काळजी, ‘टु’ आला तर तळमळ, हा फरक ओळखणारेही कमी. तेव्हा अर्जात आपलं ‘ईगर’च लिहा. साहेब कोश उघडून अर्ज वाचत नाहीत.