इंग्रजीतला ‘वी’ म्हणजे ‘आम्ही’ की ‘आपण’? ऑर्डर घेण्याआधी हे स्पष्ट करा



ग्राहकाला इंग्रजीत मेल कसा लिहायचा, यावर आपण व्हिडिओ केला होता. त्यात एक मुद्दा राहून गेला. मुद्दा एका छोट्याशा शब्दाचा आहे, पण त्या शब्दाने माझे पैसे घालवलेत, म्हणून आज नीट लिहितो. तो शब्द म्हणजे ‘वी’.

माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी बंगळुरूच्या एका कंपनीकडून 200 डब्यांची ऑर्डर आली. भाव ठरला, अ‍ॅडव्हान्स जमा झाला. माल पाठवायचा विषय निघाला तेव्हा मी मेलमध्ये लिहिलं, ‘वी विल सी अबाउट द ट्रान्सपोर्ट.’ माझ्या डोक्यात मराठी वाक्य होतं, ‘ट्रान्सपोर्टचं आपण बघू.’ म्हणजे तुम्ही आणि मी फोनवर बोलू आणि भाडं कोणी किती द्यायचं ते ठरवू. समोरच्या मॅडमनी वाचलं, ‘ट्रान्सपोर्टचं आम्ही बघू.’ भाडं झालं साडेआठ हजार. मी ते बिलात लावलं. त्यांनी माझाच मेल मला परत पाठवला. त्या ऑर्डरमधला माझा निम्म्याहून जास्त नफा तिथेच गेला. आणि खरं सांगतो, चूक त्यांची नव्हती. वाक्य मीच लिहिलं होतं.

आता यामागचं कारण बघा. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा त्यात नाही. ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही आत आला. ‘आम्ही जेवायला चाललोय’ आणि ‘आपण जेवायला जाऊ’, यातला फरक लहान पोरालाही कळतो. गुजरातीतही असे दोन शब्द आहेत, ‘अमे’ आणि ‘आपणे’. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी एकच ‘वी’. ‘अस’ आणि ‘अवर’ यांचंही तसंच. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे तो शब्द सांगतच नाही. ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ओळखायचं असतं. आणि व्यवहारात समोरचा माणूस स्वतःच्या सोयीचा अर्थ ओळखतो. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

एक ठिकाण असं आहे जिथे इंग्रजी थोडा फरक दाखवते. ‘लेट अस चेक’ याचे दोन अर्थ निघतात : ‘आम्हाला तपासू द्या’ किंवा ‘चला, आपण तपासू’. पण जोडून ‘लेट्स चेक’ म्हटलं की अर्थ एकच, ‘चला, आपण तपासू’. ग्राहकाने तक्रार केली आणि तुम्हाला म्हणायचंय की आम्ही तपासून सांगतो, तर ‘लेट्स चेक’ लिहू नका. त्याला वाटेल, आता मलाच कामाला लावतोय हा!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बरेच जण नवीन उद्योजकांना सांगतात, ‘एकटे असलात तरी कायम वी लिहा, धंदा मोठा वाटतो.’ माझं मत याच्या उलट आहे. ‘वी’ लिहायला माझी ना नाही. पण धंदा मोठा दिसावा एवढ्यासाठी लिहू नका. जिथे पैसा किंवा जबाबदारी येते, तिथे नेमका कोण ते लिहा.

कायद्याच्या बाजूने बघा. तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर धंदा आणि तुम्ही कायद्यासाठी वेगळे नाहीच. धंद्याचा पॅन म्हणजे तुमचाच पॅन. तुम्ही शंभर वेळा ‘वी’ लिहिलंत तरी देणं तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येतं. भागीदारी असेल तर गोष्ट आणखी नाजूक. 1932च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याच्या कामात प्रत्येक भागीदार हा फर्मचा एजंट असतो. म्हणजे तुम्ही मेलमध्ये ‘वी विल रिप्लेस’ असं लिहून मोकळे झालात, तर तुमचा भागीदारसुद्धा त्यात बांधला जाऊ शकतो, मग त्याला विचारलेलं असो वा नसो. कंपनी असेल तर ती कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. 2013च्या कंपनी कायद्यात एका माणसाची कंपनीही काढता येते. तिथे मालक एकटा असला तरी कंपनीच्या वतीने ‘वी’ लिहिणं अगदी बरोबर.

मोठ्या कंपन्या याबाबत किती सावध असतात बघायचंय? घरातली विम्याची पॉलिसी काढा. त्यात बहुतेक वेळा व्याख्यांच्या पानावर लिहिलेलं असतं की ‘वी’, ‘अस’, ‘अवर’ म्हणजे विमा कंपनी आणि ‘यू’ म्हणजे पॉलिसीधारक. एवढे वकील असलेली माणसं हा शब्द मोकळा सोडत नाहीत, मग आपण का सोडायचा?

मी स्वतः आता हे तीन नियम पाळतो.

पहिला, पैशाच्या वाक्यात ‘वी’ नको. ‘वी विल सी’ ऐवजी सरळ दोन वाक्यं : ‘आय विल बुक द टेम्पो. यू विल पे द फ्रेट.’ इंग्रजी साधी वाटली तरी चालेल, भांडण होत नाही.

दुसरा, चूक झाली की ‘आय’. ‘वी रिग्रेट द इन्कन्व्हिनिअन्स’ हे वाक्य ग्राहकाने इतक्या वेळा वाचलंय की त्याला काहीच वाटत नाही. ‘आय अ‍ॅम सॉरी. आय विल सेंड अ न्यू पीस टुमारो,’ असं लिहा. कोण बोलतंय आणि कोण काम करणार, हे त्याला कळतं. तुम्ही म्हणाल, असं लिहिलं तर आपण छोटे वाटतो. वाटू दे! माल फुटून आलेल्या ग्राहकाला मोठी फर्म नको असते, फोन उचलणारा माणूस हवा असतो.

तिसरा, श्रेय वाटायचं तिथे ‘वी’. ऑर्डर वेळेत गेली तर ‘वी डिड इट’ म्हणा, कारण पॅकिंग पोरांनी केलंय.

या पोरांवरून आठवलं. इंग्रजीत डॉक्टर किंवा नर्स पेशंटला विचारतात, ‘हाऊ आर वी फीलिंग टुडे?’ तिथे ‘वी’ म्हणजे फक्त पेशंट. दुकानात आपणही हेच करतो. ‘आज आपल्याला गोडाऊन आवरायचंय’ म्हणतो आणि स्वतः गल्ल्यावर बसून राहतो. पोरं तोंडावर काही बोलत नाहीत, पण त्यांना हा ‘आपण’ बरोबर कळतो. मीही हे केलंय. आता एक तर मी स्वतः दोन खोकी उचलतो, नाहीतर सरळ सांगतो, ‘राजा, आज गोडाऊन तू आवर, मी काउंटर बघतो.’ काम तेवढंच होतं आणि कुरबुर कमी होते.

आज एक काम करा. ग्राहकांना आणि सप्लायरना पाठवलेले तुमचे शेवटचे दहा इंग्रजी मेसेज उघडा. जिथे जिथे ‘वी’ दिसेल तिथे आधी ‘आम्ही’ घालून वाचा, मग ‘आपण’ घालून वाचा. दोन्ही वाचून अर्थ वेगळा निघाला आणि त्या वाक्यात पैसा, तारीख किंवा माल परत घेण्याची गोष्ट असेल, तर त्या माणसाला आजच फोन करून काय ते स्पष्ट करा. माझे साडेआठ हजार गेले, तुमचे वाचू देत.