लग्न हा त्यावरचा इलाज नव्हे



'मला शरीरसंबंधांची इच्छाच होत नाही' असे कळवणाऱ्या तरुणाला आपल्या रविवार पुरवणीतील सल्ल्याच्या सदरात 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' असे उत्तर दिले आहे. वधू-वर सूचक मंडळाचे काम मी बरीच वर्षे पाहते. हा सल्ला दोन घरांना किती महागात पडतो, हे आम्हाला दिसते.

असलेली इच्छा अचानक नाहीशी झाली तर डॉक्टरांकडे जावेच. थायरॉईड, नैराश्य, चालू औषधे यांपैकी काहीही कारण असू शकते. पण ज्यांना वयात आल्यापासून कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटलेले नाही आणि ज्यांची त्याबद्दल तक्रारही नाही, त्यांना आजारी का ठरवायचे? स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्यांवर इच्छेच्या विकाराचा शिक्का मारू नये, असे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेतच म्हटले आहे. 2004 मध्ये अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील 18,000 हून अधिक जणांच्या पाहणीची आकडेवारी तपासली, तेव्हा शंभरात सुमारे एक जण असा निघाला. म्हणजे आपल्या ओळखीपाळखीतही कोणी ना कोणी असणारच.

हे ब्रह्मचर्य नव्हे. ब्रह्मचारी इच्छा आवरतो. इथे आवरायला काही नसतेच. प्रेमाची, सोबतीची ओढ मात्र यांतल्या अनेकांना असते.

आमच्या फॉर्मवर रास, नाडी, रक्तगट, पगार, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारतात. मध्यंतरी आई फोटो चिकटवत असताना एका मुलाने हळूच विचारले, "काकू, हे 'अपेक्षा'च्या रकान्यात लिहिलं तर चालेल का?" त्याला कोणाला फसवायचे नव्हते. आईने तो फॉर्म फाडून दुसरा मागितला.

अशा मुलाला बळेच बोहल्यावर चढवले की बायको 'माझ्यातच काही कमी आहे' म्हणून झुरते. सबळ कारणाशिवाय दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये समर घोष खटल्यात म्हटले आहे. म्हणजे उद्या क्रूर ठरणार तोच. मुलगी अलैंगिक असेल तर तिची स्थिती आणखी बिकट. सज्ञान पत्नीवर पतीने केलेली सक्ती आपल्या कायद्यात आजही बलात्कार मानली जात नाही.

संपादक महाराज, त्या तरुणाला पुढच्या रविवारी जाणकार डॉक्टरांकडून नवे उत्तर मिळवून द्या. आणि पालकांनो, मूल हे सांगते तेव्हा खरे माना, स्थळे पाहणे थांबवा. त्याला स्वतःलाच जोडीदार हवा असेल, तर फॉर्मवर ती एक ओळ वाढवण्याचा आग्रह मी आमच्या मंडळात धरणार आहे. इतर मंडळांनीही धरावा.

— एक कार्यकर्ती, पुणे