बटरफ्लायला बेडकाचे पाय

चाळिशीच्या आसपास बटरफ्लाय शिकायला घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून डॉल्फिन किक मारायला लावणं हा शुद्ध अत्याचार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हात बटरफ्लायचे आणि पाय ब्रेस्टस्ट्रोकचे, अशी खिचडी करून आधी महिना-दोन महिने पोहू द्यावं. मग काय ते डॉल्फिन. आणि ज्याला पुढे जायचंच नाही त्याने आयुष्यभर तसंच पोहावं, कोणाचं काय जातंय?

हेच वाक्य टँकवर बोलून बघा. आपण पुरणपोळीबरोबर टोमॅटो सॉस मागितल्यासारखे चेहरे होतात लोकांचे.

आमच्या सकाळच्या बॅचला एक काकू आहेत. वय ६१, बँकेतून रिटायर्ड. फ्रीस्टाइल, बॅक, ब्रेस्ट तिन्ही झक्कास. (ब्रेस्टला तर मी त्यांच्या मागेच असतो. वीस वर्षांनी लहान असून. असो.) गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बटरफ्लाय मनावर घेतलं. सहा आठवडे झाले तरी अर्ध्या टँकच्या पुढे काही जाईना, दम संपायचा. एके दिवशी त्यांनी आपसूक ब्रेस्टची किक मारली आणि चक्क २५ मीटर पार! पलीकडचा कठडा धरून लहान मुलीसारख्या हसत होत्या. तेवढ्यात कोच म्हणाले, "काकू, याला बटरफ्लाय म्हणत नाहीत. असंच करायचं असेल तर राहू द्या." काकू "बरं सर" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आपलं ब्रेस्ट. बटरफ्लायचा विषयच बंद. मला हे तेव्हाही खटकलं, अजून खटकतंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात 'याला बटरफ्लाय म्हणत नाहीत' हेच चूक आहे. बटरफ्लाय जन्माला आलं तेच बेडकाचे पाय घेऊन. १९३० च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांत हात पाण्याखालूनच पुढे न्या असं कुठे लिहिलेलं नव्हतं. स्पेसिफिकेशनमधली पळवाट म्हणा ना! अमेरिकेत हेन्री मायर्सने १९३३ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका शर्यतीत हात पाण्यावरून फिरवले आणि पाय ब्रेस्टचेच ठेवले. त्याच सुमारास आयोवा विद्यापीठाचे कोच डेव्हिड आर्मब्रस्टर यांचेही असेच प्रयोग चालू होते. त्यांचा विद्यार्थी जॅक सीग याने माशाच्या शेपटीसारखे दोन्ही पाय एकत्र हलवायची युक्ती काढली, तीच आजची डॉल्फिन किक. गंमत म्हणजे तेव्हा डॉल्फिन किकच नियमबाह्य होती! म्हणून १९५२ पर्यंत स्पर्धेत बटरफ्लायचे हात वापरणारे सगळे बेडकाचे पाय मारत होते. त्या वर्षीच्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिसने अशाच खिचडीवर जिंकलं. त्यानंतर दोन्ही प्रकार वेगळे झाले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत आली.

बरं, हा नुसता इतिहास नाही. आज खुल्या स्पर्धेत ब्रेस्टची किक मारली की बाद, हे खरं. पण वर्ल्ड अक्वाटिक्सच्या मास्टर्स नियमांत, म्हणजे २५ वर्षांवरच्या हौशी लोकांच्या स्पर्धेत, बटरफ्लायला ब्रेस्टची किक आजही चालते. एका हाताला एक किक, एवढीच मुख्य अट. म्हणजे काकूंनी त्या दिवशी जे केलं ते त्या नियमांत बसत होतं. कोचसाहेबांच्या नियमांत बसत नव्हतं, एवढंच.

आता मूळ मुद्दा, शिकण्याचा. कोड चालत नसेल तर आपण एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. दहा गोष्टी एकदम बदलल्या की काय बिघडलंय तेच कळत नाही. बटरफ्लायला नवशिक्याच्या डोक्यात एकाच वेळी हात, श्वास, कंबरेची लाट आणि दोन किका असतात. पहिली किक हात पाण्यात पडताना, दुसरी हात मागे ढकलून बाहेर निघताना. यातली एक चुकली की हात पाण्यातच अडकतात, मग डोकं वर, कंबर खाली, आणि खेळ खलास. ब्रेस्टची किक येत असेल तर ही भानगड एकावर येते. ताल तोच जुना: ओढा, श्वास घ्या, हात पुढे जाताना किक मारा. फरक एवढाच की हात पाण्याखालून न जाता वरून जातात. डोक्याला पायांची चिंता राहिली नाही की माणूस पहिल्यांदाच हातांकडे लक्ष देतो. हनुवटी पाण्याला चिकटून ठेवणं, हात पडायच्या आत डोकं आत घालणं, हात पडल्यावर क्षणभर घसरत जाणं, हे सगळं इथेच शिकून होतं. विहिरीत शिकताना पाठीला डबा बांधलेल्या पोराला कोणी 'हे पोहणं नाही' म्हणतं का?

कोच लोकांचा एक आक्षेप मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. ब्रेस्टच्या किकला पाय पोटाकडे घ्यावे लागतात, आणि नेमके हात मागे ढकलत असताना मांड्या पाण्याला आडव्या येतात. म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम. शिवाय हात बाहेर काढायला मदत करणारी ती दुसरी किक नसल्याने खांद्यांवर जास्त भार येतो. डॉल्फिन जिंकली ती उगाच नाही. आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं ते काही बेडकाच्या पायांवर नाही. पण त्याचं ध्येय वेगळं, काकूंचं वेगळं. दोघांना एकच मोजपट्टी लावण्यात कसली आली शिस्त?

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत सांगतो. पहिले दोन आठवडे फक्त खिचडी, एका वेळी २५ मीटर, मध्ये भरपूर आराम. गुडघे फार रुंद फाकवू नका, पोटाखाली खेचू नका, किक छोटी ठेवा. मग एकाच लांबीत तीन हात ब्रेस्टच्या किकने आणि तीन हात एका डॉल्फिन किकने, तीही हात पडतानाच. दुसरी किक सगळ्यात शेवटी. दम लागला की मधेच बेडकावर या, थांबू नका. आणि ब्रेस्ट मारताना ज्यांचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, त्यांनी हे सगळं विसरून सरळ डॉल्फिनच शिकावं.